घशाची थरथर म्हणजे श्वास नव्हे: बेडकाबद्दलच्या या चुका टाळा

विद्यार्थ्यांच्या जीवशास्त्राच्या जर्नलमध्ये, म्हणजे प्रयोगवहीत, एक वाक्य हमखास सापडतं: 'बेडूक मिनिटाला अमुक वेळा श्वास घेतो.' आकडा कुठून आला? घशाखालची कातडी किती वेळा थरथरली ते मोजून. कॉलेजात असताना मीही असाच घसा मोजत बसलो होतो, तेव्हा हसायचा हक्क मला नाही.

ती थरथर चालू असताना नाकपुड्या उघड्या असतात, पण फुफ्फुसाकडे जाणारं कंठद्वार बंद असतं. हवा तोंडापर्यंत येते आणि तिथूनच परत फिरते. फुफ्फुसाचा श्वास त्यात अधूनमधून येतो. बेडकाला बरगड्या नाहीत, आपल्यासारखं श्वासपटल नाही. छाती फुगवून हवा ओढायची सोयच नाही, म्हणून पंपाचं काम तोंड करतं. तोंडाचा तळ खाली जातो, नाकातून हवा आत येते. कंठद्वार उघडून फुफ्फुसातली जुनी हवा नाकावाटे बाहेर पडते. मग नाकपुड्या मिटतात, तळ वर उचलला जातो आणि तोंडातली हवा फुफ्फुसात ढकलली जाते. आपण हवा ओढतो, बेडूक ती जवळजवळ गिळतो. मोजायचंच असेल तर घसा सोडा. नाकपुड्या आणि कुशीकडे बघा. नाकपुड्या मिटल्या आणि कूस हलली, की एक श्वास धरा.

धापा टाकतोय असं वाटून कुणी बेडकाचं तोंड उघडून धरतं. यासारखी उलटी मदत नाही! तोंड उघडं राहिलं की पंपच बंद. मग भिस्त उरते ती कातडीवर, आणि कातडीतून श्वास घ्यायचा तर ती ओली हवी. कोरड्या किंवा साबणाच्या हातांनी बेडूक उचलू नका.

आता आकृती. जीभ आपल्यासारखी घशाकडे चिकटलेली काढू नका. तिचं मूळ खालच्या जबड्याच्या पुढच्या टोकाला असतं आणि मागचं टोक मोकळं. झडपेसरशी ती उलटून बाहेर पडते, ०.०७ सेकंदाच्या आत किडा पकडते. किड्यावर आदळताना लाळ पातळ होऊन फटीफटीत शिरते, जीभ मागे येताना पुन्हा घट्ट होते. पाऊस पडला की डराव डराव करणाऱ्या आपल्या मोठ्या हिरव्या बेडकाला दात असतात ते वरच्या बाजूला. खालच्या जबड्यात दात काढले तर मार्क गेले. अंगावर फोड असलेल्या, अंगणात दिसणाऱ्या टोडला तर दातच नाहीत.

'चावून खातो' हेही खोडा. दात फक्त भक्ष्य निसटू नये म्हणून. घास गिळताना बेडूक डोळे मिटतो ते चव घ्यायला नव्हे. डोळ्यांचे गोळे खाली दबून घास मागे सरकवायला मदत करतात.

राहिला पाण्याचा प्रश्न. ड्रॉपरने तोंडात पाणी सोडू नका. बेडूक पाणी तोंडाने पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या कातडीतून शोषतो. निरीक्षणासाठी तासभर ठेवायचाच असेल तर बरणी काठोकाठ भरू नका, टोड तर त्यात बुडून मरतो. दोन बोटं पाणी आणि चढून बसायला एक दगड पुरे.