अंगणवाडी ते पहिली: दिव्यांग मुलाची फाइल कुठे अडते? या चुका टाळा

महाराष्ट्रात विकासात मागे राहिलेल्या मुलाचं काम चार खात्यांत वाटलेलं आहे. अंगणवाडी महिला व बालविकासाची. तपासणीचं पथक आणि डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, सार्वजनिक आरोग्याचं. शाळा शालेय शिक्षणाची. विशेष शाळा डिसेंबर २०२२ मध्ये वेगळ्या झालेल्या दिव्यांग कल्याण विभागाच्या. मूल एकच, रजिस्टरं चार, आणि एका रजिस्टरातली नोंद दुसऱ्यात आपोआप उतरत नाही. अमेरिकेत कायद्यानेच ठरलंय की तिसऱ्या वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी, घरच्यांच्या संमतीने, थेरपीवाले आणि शाळावाले एकत्र बसतील. आपल्याकडे अशी सक्तीची बैठक नाही. पालक किंवा अंगणवाडी सेविका फाइल उचलून नेते तेव्हाच ती पुढे सरकते. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

कान न तपासताच स्पीच थेरपी

दोन वर्षांचं मूल बोलत नाही म्हणून थेरपी सुरू होते, सहा महिने जातात आणि मग कळतं की त्याला ऐकूच कमी येतंय. ताट वाजवून घेतलेली घरगुती परीक्षा फसवी असते. मूल हालचाल बघून वळतं. शिवाय फक्त हळू आवाज ऐकू येत नसतील, तर ताटाच्या आवाजाला ते हमखास दाद देतं. ओएई (कानात आवाज सोडून कानाचा प्रतिसाद मोजणारी झटपट तपासणी) ही नुसती चाळणी आहे, निदान नव्हे. त्यात ‘रिफर’, म्हणजे ‘पुढे तपासा’, आलं की बेरा (आवाज कानापासून मेंदूकडे पोचतो का ते पाहणारी तपासणी) करायचीच. बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, राहिलं असेल, तर ओएई ‘पास’ असली तरी बेरा मागून घ्या, कारण श्रवणाच्या मज्जातंतूतला दोष ओएईत दिसत नाही. जगभर पाळलं जाणारं वेळापत्रक १-३-६ असं आहे: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि थेरपी सुरू.

बेराच्या वेळी मूल गाढ झोपलेलं लागतं. आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा आणि वाटेत रिक्षात किंवा एसटीत डुलकी लागू देऊ नका. बऱ्याच फेऱ्या याच एका कारणाने वाया जातात. गुंगीचं औषध देणार असतील, तर त्याआधी किती तास खायला-प्यायला द्यायचं नाही हे तारीख घेतानाच विचारा.

जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलासाठी दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत कॉक्लिअर इम्प्लांटला (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राला) पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. वांद्र्याची अली यावर जंग संस्था हे काम पाहते. चौथं वर्ष संपताना धावपळ सुरू केली, तर तपासण्या आणि प्रतीक्षायादीतच वय निघून जातं.

याच टप्प्यावर आणखी एक सल्ला कानावर येतो: ‘घरी फक्त इंग्रजी बोला, दोन भाषांनी गोंधळतो.’ दोन भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही. आजीशी, शेजाऱ्यांशी, अंगणवाडीत जी मराठी चालते तीच तोडली, तर मुलाशी दिवसभर बोलणारी माणसंच कमी होतात.

चिठ्ठी मिळाली, म्हणजे काम झालं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, सरकारी आणि अनुदानित शाळेत एकदा. त्या दिवशी मूल मामाकडे गेलेलं असलं की सहा महिन्यांचा खाडा. खासगी प्लेग्रुपमधल्या मुलापर्यंत तर हे पथक बहुधा पोचतच नाही. अशा मुलांच्या पालकांनी वाट न बघता जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून बालरोगतज्ज्ञांमार्फत डीईआयसी गाठावं.

पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी घडी घालून आधारकार्डाच्या पिशवीत राहते, हे फार दिसतं. सेविकेने चिठ्ठीचा फोटो आणि पुढच्या भेटीची तारीख स्वतःकडेही ठेवावी आणि पंधरा दिवसांनी विचारावं. निघण्याआधी केंद्रात फोन करून कोणता तज्ज्ञ कोणत्या वारी असतो ते विचारा; फिजिओथेरपिस्ट आणि ऑडिओलॉजिस्ट एकाच दिवशी भेटतील असं नाही. सोबत प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड न्या. बाळ उशिरा रडलं का, कावीळ किती होती, वजन किती होतं हे सगळं त्यात असतं, आणि घाईत नेमकं तेच घरी राहतं.

प्रमाणपत्राची घाई आणि प्रमाणपत्राची ढिलाई

या दोन उलट चुका आहेत आणि एकाच घरात दोन्ही होतात. आधी ‘सर्टिफिकेट आल्यावर थेरपी सुरू करू’ म्हणून वर्ष घालवतात. डीईआयसीतल्या उपचारांना दिव्यांग प्रमाणपत्र लागत नाही. मग थेरपी सुरू झाली की प्रमाणपत्राचा विषयच मागे पडतो, आणि शाळाप्रवेशाच्या तोंडावर आठवतो.

यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन होतो, पण तपासणीसाठी रुग्णालयात जावंच लागतं. मतिमंदत्वाच्या तपासणीला मानसशास्त्रज्ञ आणि श्रवणदोषाला ऑडिओलॉजिस्ट लागतो. तालुक्याचं जवळचं रुग्णालय निवडलं आणि तिथे हा तज्ज्ञ नसला, की अर्ज तसाच पडून राहतो. आपल्या प्रकारासाठी मंडळ कुठे बसतं हे अर्ज भरण्याआधी विचारा. रुग्णालयाने बोलावल्यावर गेलं नाही आणि दोन वर्षं लोटली, तर २०२४ च्या सुधारित नियमांनुसार अर्ज बाद होतो.

नावाचं स्पेलिंग ही खरी डोकेदुखी. जन्मदाखला, आधार, यूडीआयडी आणि शाळेचं यूडायस प्लस (विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद) या चारही ठिकाणी नाव अक्षराअक्षराने जुळलं पाहिजे. पाच वर्षांखालच्या बाल आधारात बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ते द्यावे लागतात. नावाची दुरुस्ती आधी जन्मदाखल्यात, मग आधारमध्ये, मग बाकी सगळीकडे. उलट क्रमाने गेलात तर सगळं दोनदा करावं लागतं.

लहान मुलांना बहुतेक वेळा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. बौद्धिक बाबतीत पाच वर्षांपर्यंत ‘सर्वांगीण विकास विलंब’ असंच निदान लिहितात, त्यामुळे पाचव्या वर्षानंतर पुन्हा तपासणी येते, आणि नेमका तोच काळ पहिलीच्या प्रवेशाचा. कार्डावरची मुदत पाहून तीन-चार महिने आधी अर्ज करा. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मात्र आठ वर्षांआधी मिळत नाही. पहिलीतल्या मुलासाठी त्याच्यामागे धावू नका. वाचन कच्चं असेल, तर आधी डोळे तपासा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल, तर प्रमाणपत्र हाती येताच केंद्राच्या निरामय आरोग्य विम्याचा अर्ज करा. त्यात थेरपीचा खर्चही बसतो, संरक्षण वर्षाला १ लाखापर्यंतचं असतं. मात्र हा विमा ३१ मार्चला संपतो आणि नूतनीकरण विसरलं जातं.

जूनच्या आधीचे सहा महिने

सगळ्यात जास्त मुलं इथे हरवतात. अंगणवाडीतून नाव कमी होतं, डीईआयसीत सहा वर्षांच्या मुलाला ‘आता शाळेतून बघा’ सांगतात, आणि शाळेला काहीच ठाऊक नसतं. डिसेंबरात डीईआयसीकडून एक पानाचा सारांश लिहून घ्या: निदान, सध्या काय येतं, कोणती साधनं लागतात, वर्गात काय अडेल. जाडजूड फाइल मुख्याध्यापक वाचत नाहीत. एक पान वाचतात. त्याची एक प्रत गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञाला द्या. तालुक्यात विशेष शिक्षक पाठवण्याचं काम तिथून चालतं.

खासगी शाळेत आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून जायचं असेल, तर दिव्यांग मूल वंचित गटात येतं आणि उत्पन्नाचा दाखला लागत नाही, पण ४० टक्के किंवा जास्तीचं प्रमाणपत्र लागतं. ऑनलाइन अर्जाची खिडकी उघडल्यावर ते काढायला निघालात तर वेळ पुरत नाही. आधीच्या पावसाळ्यातच सुरुवात हवी.

शाळेत नाव लागल्यावर एक गोष्ट स्वतः बघून घ्या: यूडायस प्लसमध्ये मुलाची विशेष गरज नोंदली का, प्रकार बरोबर टाकला का. काही शिक्षक ‘शिक्का बसेल’ म्हणून ही नोंद टाळतात. भावना चांगली, परिणाम वाईट. समग्र शिक्षा या सरकारी शाळा योजनेतल्या साधनांचा, मदतनीस व प्रवास भत्त्याचा हिशोब याच आकड्यांवर होतो. मुलींचा महिना २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता, दहा महिन्यांचा, तोही नोंद नसेल तर नाही.

‘याला विशेष शाळेत घाला’ हे उत्तर तोंडीच मिळतं, लेखी क्वचितच. म्हणून अर्ज लेखी द्या, आवक क्रमांक घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३१ नुसार ४० टक्क्यांपासून पुढच्या मुलाला ६ ते १८ वयात जवळची शाळा किंवा विशेष शाळा, दोन्हींतून निवडीचा हक्क आहे. निवड पालकांची आहे, मुख्याध्यापकांची नाही. टक्के कमी असले तरी भेदभाव न करता प्रवेश देण्याचं कलम १६ लागू होतं. दाद मागण्याचा क्रम: गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक), मग पुण्यातले राज्य दिव्यांग आयुक्त. घरी येऊन शिकवण्याची सोय तीव्र आणि बहुविकलांग मुलांसाठी आहे; शाळेला मूल नको आहे म्हणून नव्हे.

दोन आराखडे, दोन दिशा

डीईआयसी चालण्यावर काम करतं, शाळा अक्षरं गिरवून घेते, आणि मुलाला शौचाला जायचं सांगता येत नाही. वैयक्तिक शिक्षण आराखडा बनताना थेरपीचा शेवटचा अहवाल समोर ठेवा आणि दोन्हींत एक तरी उद्दिष्ट सामाईक ठेवा. ‘भाषा सुधारणे’ हे उद्दिष्ट नाही. ‘तीन महिन्यांत, चित्र देऊन किंवा बोट दाखवून पाणी आणि शौच मागेल, १० पैकी ८ वेळा’ हे मोजता येतं. मूल आठवड्याच्या १६८ तासांपैकी थेरपिस्टकडे एखादाच तास असतं, त्यामुळे प्रत्येक भेटीतून घरी करायची दोनच कामं लिहून आणा. दहा आणलीत तर एकही होत नाही. विशेष शिक्षक खासगी असेल, तर त्याचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचं वेगळं. दिवाळीनंतर मूल बीडहून दुसऱ्या जिल्ह्यात जातं, श्रवणयंत्राची बॅटरी संपते, पायाला आधार देणारा कॅलिपर आखूड होतो. निघण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं) घ्या, बॅटऱ्यांचा सहा महिन्यांचा साठा सोबत ठेवा आणि डीईआयसीच्या सारांशाचा, यूडीआयडीचा व शेवटच्या बेराचा फोटो घरातल्या दोन वेगळ्या फोनवर ठेवा. मूळ कागद कोपीवर, म्हणजे तोडीच्या झोपडीवर, नेऊ नका.