दुसरा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो: कान कुठे ठेवायचा?

जर्मन संगीतकार बाखने १७२१ साली ब्रांडेनबुर्गच्या मारग्रेव्हला (एक जर्मन सरदार) सहा कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वाद्यं आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना, पाठवले, त्यातला हा दुसरा. एकल वाद्यं चार: ट्रम्पेट, रेकॉर्डर (उभी धरायची बासरी), ओबो (सनईसारखं फुंकवाद्य), व्हायोलिन. नवा श्रोता ट्रम्पेटमागे धावतो आणि बाकीचं हुकतं. ट्रम्पेट ऐकू येणारच हो, त्याची काळजी नको. हेडफोन मात्र लावाच. मोबाइलच्या स्पीकरवर चेलो, म्हणजे साथीला खालचे सूर वाजवणारं मोठं तंतुवाद्य, गायब होतो.

सुरुवातीची धून मुखड्यासारखी पाठ करा. ती संपली की व्हायोलिन एक छोटी ओळ वाजवतं. मुखड्याचा तुकडा येतो, मग तीच ओळ ओबोकडे, पुढच्या खेपेला रेकॉर्डरकडे, शेवटी ट्रम्पेटकडे. मी अजूनही इथे मागे जाऊन ऐकते.

दुसऱ्या भागात ट्रम्पेट गप्प. मला सगळ्यात प्रिय हाच. खाली चेलो न थांबता चालत असतो, वर तिघं एकमेकांचे उसासे उचलतात. पहिल्या भागात दबलेला रेकॉर्डर इथे नीट ओळखून ठेवा.

तिसरा भाग फ्यूग, म्हणजे एकच धून वाद्यं पाठोपाठ उचलतात: ट्रम्पेट, ओबो, व्हायोलिन, रेकॉर्डर या क्रमाने. बाकीचा वाद्यवृंद बराच उशिरा आत येतो. नेमका कुठे, ते पकडा. पहिल्या फेरीत बहुतेक निसटतंच.