झेडपीची शाळा आणि बिनफीची वकिली

वकिलीची सनद हातात पडल्या पडल्या ‘मुलांच्या शिक्षणहक्कासाठी काम करायचंय’ म्हणणारे बरेच जण भेटतात. डोक्यात जनहित याचिका असते. तसंही काम होतं, नाही असं नाही. २०२४च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना शिक्षणहक्क कायद्यातल्या, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याच्या अटीतून सूट दिली आणि त्याच जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. पण मी बीड जिल्ह्यात जे करते, त्यातलं बहुतेक पंचायत समितीच्या आवक टेबलावरच मिटतं. कोर्टाची पायरी क्वचित.

आमच्याकडचं नेहमीचं प्रकरण ऊसतोडीचं. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की परततात. पोरं सोबत जातात. परत आल्यावर शाळा म्हणते, ‘नाव कमी केलंय, दाखला आणा.’

मागे अशाच एका सहावीतल्या मुलीचं अडलं होतं. मुख्याध्यापकांचं म्हणणं, सरलवर (विद्यार्थ्यांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल) आधीची शाळा तिला सोडत नाही, मी काय करू? शिक्षणहक्क कायद्याचं कलम ५ सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नसला तरी नाही (कलम १४), वर्ष अर्धं उलटलं असलं तरी नाही (कलम १५). पोर्टलचं पोर्टलवाल्यांनी बघावं. एवढंच एका पानात लिहिलं आणि दोन प्रती घेऊन गटशिक्षण कार्यालयात गेले. ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या.’ अर्ज घ्यायला साहेब लागत नाहीत, आवक लिपिक लागतो. शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेऊनच बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन आला, ‘मॅडम, अर्जाची काय गरज होती? पाठवा पोरीला.’

तेव्हा तोंडी बोलणं कितीही गोड झालं तरी पोच घेतल्याशिवाय हलू नका.

अर्जावरही काही हललं नाही तर कलम ३२ आहे. तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा महापालिका-नगरपालिकेकडे, लेखी द्यायची. दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पटला नाही तर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. तीन महिने ऐकायला बरे वाटतात, पण जानेवारीत दिलेल्या अर्जाचा निकाल परीक्षेनंतर हातात येतो. म्हणून पहिल्याच अर्जात ‘निर्णय होईपर्यंत वर्गात बसू द्यावे’ ही मागणी टाकायची.

फीचं काय, हा प्रश्न पालक विचारायला लाजतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७च्या कलम १२ प्रमाणे मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा, किंवा १५१०० वर फोन लावायचा. अजून लॉ कॉलेजात असाल तर पॅरा लीगल व्हॉलंटिअर, म्हणजे विधी सेवेचे स्वयंसेवक, व्हा. वकालतनामा लागत नाही अशीच कामं इथे जास्त आहेत.

शिक्षकांशी भांडण काढू नका. निवडणूक आणि जनगणना कायद्यानेच त्यांच्या गळ्यात आहे, शिवाय पोषण आहाराचे हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरणं. वर्गावर असलेला शिक्षकच पुढे तुम्हाला गुपचूप फोन करून सांगतो की अमुक पोर आठ दिवस दिसलं नाही. मारहाणीची गोष्ट वेगळी. शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ तिथे सवलत देत नाही. आणि लैंगिक अत्याचार असेल तर ‘गावात बसून मिटवू’ हे वाक्य ऐकूनही घ्यायचं नाही. पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या कायद्याखाली, पोलिसांत खबर देणं बंधनकारक आहे, तुमच्यावरसुद्धा.

खरी अडचण सहीची. बाप म्हणतो, ‘ताई, सही करतो, पण उद्या गुरुजी पोरीवर राग काढतील.’ ही भीती खोटी नाही, तिला हसू नका. कलम ३२ खालची तक्रार कोणतीही व्यक्ती करू शकते, पालकच हवा असं नाही. त्यामुळे अशा वेळी मी माझ्या नावाने देते. राग काढायचाच तर माझ्यावर काढा, मला त्या शाळेत बसायचं नसतं.