जानेवारीचा सूर्य, जुलैचा सूर्य: लहानमोठं बिंब फोटोतून कसं मोजायचं

उगवता सूर्य मोठा दिसतो तो निव्वळ भास. सूर्यबिंब खरोखर लहानमोठं होतं ते वर्षभरात, आणि ते डोळ्यांना कळत नाही. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते, जुलैच्या सुरुवातीला १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. म्हणून बिंबाचा व्यास जानेवारीत १९५२ आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) भरतो आणि जुलैत १८८८. फरक फक्त ३.४ टक्क्यांचा, पण घरातल्या साध्या कॅमेऱ्याने तो पकडता येतो. माझ्या मते शाळकरी मुलांनी पृथ्वीची कक्षा गोल नाही हे पुस्तकात वाचण्याऐवजी असंच मोजून बघावं.

आधी डोळ्यांची काळजी. सोलर फिल्टर लेन्सच्या पुढच्या तोंडावरच बसवायचा, मागे कधीही नाही. मी बाडर कंपनीची ५.० घनतेची, म्हणजे उजेड लाखपट कमी करणारी फिल्म पुठ्ठ्याच्या कड्यात बसवून वापरते. त्याच कंपनीची ३.८ घनतेची, जास्त उजेड आत सोडणारी फिल्मही मिळते. ती फक्त फोटोसाठी असते, तिच्यातून डोळ्याने बघायचं नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, एकावर एक चढवलेले गॉगल यांतलं काहीही चालत नाही. दर वेळी फिल्म बल्बसमोर धरून बारीक छिद्रं तपासा आणि कडं लेन्सला चिकटपट्टीने पक्कं करा. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडे आषाढात वारा असा सुटतो की नुसतं अडकवलेलं कडं उडालंच म्हणून समजा. नेम धरताना कॅमेऱ्याच्या काचेच्या खिडकीतून न बघता मागच्या स्क्रीनवर बघा.

लेन्स ३०० मिलिमीटरची असली तरी पुरते. सेन्सरचा एक पिक्सेल ४ मायक्रॉनचा धरला तर जानेवारीचं बिंब साधारण ७१० पिक्सेल भरतं आणि जुलैचं ६८६. या २४ पिक्सेलांसाठीच सगळी शिस्त. झूम लेन्स असेल तर ती शेवटच्या टोकाला नेऊन रिंगला चिकटपट्टी लावा, कारण झूम केसभर सरकला तरी मोजमाप वाया जातं. शक्य असेल तर एकाच फोकल लांबीची लेन्स किंवा लहान दुर्बीण घ्या. ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझर बंद ठेवा. फोकस सूर्यडागावर करा, डाग नसेल तर बिंबाच्या कडेवर. बिंब दर वेळी चौकटीच्या मधोमध असू द्या, कारण कोपऱ्याकडे लेन्स चित्र थोडं ताणते.

एक्स्पोजर हा भाग लोक हलक्यात घेतात. आयएसओ १००, एफ/८ आणि १/५०० सेकंदापासून सुरुवात करा आणि हिस्टोग्रॅम (कॅमेरा दाखवतो तो उजेडाचा आलेख) उजव्या टोकाला चिकटणार नाही इतपत शटर बदला. फोटो जास्त उजळ झाला की बिंबाची कड बाहेर पसरते आणि सूर्य फुगल्यासारखा मोजला जातो. पातळ ढगातूनही फोटो घेऊ नका. जानेवारीत आणि जुलैत बिंबाचा उजळपणा सारखाच दिसला पाहिजे.

सूर्य क्षितिजाजवळ असताना वातावरण त्याला उभ्या दिशेने चपटा करतं, अगदी क्षितिजावर तर जवळजवळ सहाव्या हिश्श्याने. म्हणून सूर्य वर आल्यावरच फोटो घ्या, आणि दोन्ही वेळा साधारण एकाच उंचीवर. आमच्याकडे ३ जानेवारीला भर दुपारी सूर्य ५० अंशांवर असतो, जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती उंची सकाळी पावणेदहाच्या सुमारास येते. जुलैच्या दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा ट्रायपॉडवरचा कॅमेरा तिकडे वळवणंही जिकिरीचं.

आता पावसाचं. २०२६ मध्ये पृथ्वी ३ जानेवारीला सूर्याच्या सर्वांत जवळ आणि ६ जुलैला सर्वांत दूर. दर वर्षी तारीख एखाद-दुसऱ्या दिवसाने हलते. आमचा माणदेश पर्जन्यछायेत असल्याने आम्हाला जुलैत उघडीप मिळते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी मात्र त्या तारखेची वाट बघत बसू नये. या टोकाच्या तारखांजवळ व्यास फार हळू बदलतो. २५ मेला तो १८९५ आर्कसेकंदांच्या आसपास असतो, म्हणजे एकूण फरकातला जवळपास नव्वद टक्के भाग पाऊस यायच्या आधीच हाती लागतो. पावसानंतरच्या फोटोंसाठी ऑक्टोबरचा पहिला आठवडा चांगला. तेव्हा आणि एप्रिलच्या सुरुवातीला व्यास सर्वांत वेगाने बदलतो, दिवसाला अर्ध्या आर्कसेकंदाहून थोडा जास्त. आलेख काढायचा असेल तर हे दोन महिने चुकवू नका.

सहा महिन्यांत लेन्स बदलली नाही हे कशावरून? त्यासाठी मी सप्तर्षीतल्या वसिष्ठ-अरुंधतीचा आधार घेते. दोघांमधलं अंतर सुमारे ७०८ आर्कसेकंद आहे आणि आपल्या कामापुरतं ते स्थिर आहे. सूर्याचा फोटो काढला त्याच रात्री फिल्टर काढून, झूम न हलवता या जोडीचा फोटो घ्यायचा. जानेवारीत त्यासाठी पहाटे उठावं लागतं, मे-जूनमध्ये रात्री जेवण झाल्यावरही जमतं. मोठ्या लेन्समधून वसिष्ठ स्वतःच जोडतारा दिसतो, तेव्हा दर वेळी त्यातला तेजस्वी तारा धरा. जोडीतलं अंतर दोन्ही फोटोंत तेवढेच पिक्सेल भरलं की सूर्याच्या मापावर भरवसा ठेवता येतो.

मोजायला जिंप हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. फोटो थ्रेशोल्डने, म्हणजे ठरावीक उजेडाच्या वरचं सगळं पांढरं आणि खालचं काळं करणाऱ्या सोयीने, काळा-पांढरा करा, पांढरी चकती निवडा आणि तिची रुंदी-उंची वाचून सरासरी घ्या. थ्रेशोल्डचा आकडा सगळ्या फोटोंना एकच हवा, कारण सूर्याची कड मध्यापेक्षा अंधूक असते आणि आकडा बदलला की व्यासही बदलतो. एकाच बैठकीत बरेच फोटो काढून सरासरी घेतली तर वातावरणाची थरथरही निघून जाते.

मग मोठ्या व्यासातून लहान वजा करा आणि दोघांच्या बेरजेने भागा. ७१० आणि ६८६ असतील तर २४ भागिले १३९६, म्हणजे ०.०१७. पृथ्वीच्या कक्षेची विकेंद्रता, म्हणजे कक्षा वर्तुळापासून किती ढळली आहे ते सांगणारा आकडा, ०.०१६७ आहे. छतावरून काढलेल्या दोन फोटोंतून हा आकडा निघतो, याचं मला अजूनही फार अप्रूप वाटतं. पंचांगात अधिक महिने बहुतेक चैत्र ते आश्विन या काळात येतात, २०२६ मध्येही अधिक ज्येष्ठ आहे, त्यामागेही हीच लंबवर्तुळाकार कक्षा आहे. दूर असताना पृथ्वी सावकाश चालते, त्यामुळे सूर्याला एक रास ओलांडायला जास्त दिवस लागतात आणि तेवढ्यात दोन अमावास्या येऊन अधिक महिना पडण्याची शक्यता वाढते.

दाखवण्यासाठी चित्र करायचं तर जानेवारीचं अर्धं बिंब डावीकडे आणि जुलैचं अर्धं उजवीकडे ठेवून केंद्रं जुळवा. वर आणि खाली बारा-बारा पिक्सेलांची पायरी स्पष्ट दिसते. मूळ फाइल आकार न बदलता जपा आणि प्रत्येकीच्या नावात तारीख, वेळ, लेन्स आणि शटर लिहा.