नळीत गर्भ राहिला? सही करायच्या आधी एवढं इचारा

धाकट्या जावेची पाळी चुकून पंधरा दिवस झालते, मग थोडं थोडं रक्त जायला लागलं अन् एकाच कुशीत दुखायलं. अंबाजोगाईला सोनोग्राफी केली तर गर्भ नळीत. सासूबाई तिथंच रडायल्या, 'पिशवी काढतेत का आता'. आपल्या बीडकडं ऊसतोडीच्या लई बायांच्या पिशव्या काढल्यात, म्हणून ही भीती उगंच नाही, पण नळी येगळी अन् पिशवी येगळी, पिशवीच्या दोन्ही बाजूंला एकेक नळी असती, नळी गेली तरी पिशवी, पाळी सगळं जागेवरच ऱ्हातंय.

चक्कर, दरदरून घाम, खांद्याच्या टोकाला दुखणं असलं काही असंल तर नळी फुटली असू शकते, तवा काही इचारत बसू नका, १०८ ला फोन लावा. तिथं जीव वाचवायचा असतो, नळीचं नंतर.

पेशंट ठीक असंल तर ऑपरेशनच्या सहीच्या आधी एकच इचारा, 'दुसरी नळी खराब निघाली तर काय करणार?' कारण ती नीट दिसती दुर्बीण आत गेल्यावरच, अन् तवा बाई भुलीत असती. दुसरी चांगली असंल तर बिघडलेली पुरी काढतेत, अन् त्यात लई काही गमवत नाही. २०१४ ला लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात ४४६ बायांचा अभ्यास आलता, सगळ्यांची दुसरी नळी चांगली होती. नळी ठेवलेल्या बायांत तीन वर्षांत आपोआप दिवस राहायचं प्रमाण ६१ टक्क्यांच्या आसपास, काढलेल्यांत ५६, म्हणजे ठामपणे फरक म्हणावा एवढा नाही. दुसरी खराब असंल नाहीतर आधीच काढलेली असंल तर मात्र नळीला चिरा देऊन फक्त गर्भ काढा म्हणा. रक्त थांबलंच नाही तर तरी नळी काढावी लागती, ते घरच्यांला आधीच सांगून ठेवा.

नळी ठेवली की खरं काम नंतर हाय. त्याच अभ्यासात १०० पैकी ७ जणींच्या नळीत गर्भाचा अंश ऱ्हायला होता, म्हणून बीटा एचसीजी, म्हणजे गर्भाचा अंश उरलाय का ते सांगणारी रक्ताची तपासणी, दर आठवड्याला, निगेटिव्ह येईस्तोवर. दुखायचं थांबलं की बाया जातच नाहीत, यष्टीचं भाडं, रानातली कामं, समजतंय सगळं, पण आकडा उतरंना झाला तर उरलेला अंश जिरवायला मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन लागतं, अन् ते घेतलं की तीन महिने तरी दिवस राहू द्यायचे नाहीत. रक्तगट निगेटिव्ह असंल तर अँटी-डीचं इंजेक्शन मागून घ्या.

पुढच्या टायमाला पाळी चुकली की शेवटच्या पाळीपासून मोजून सहाव्या आठवड्यातच सोनोग्राफी, वाट बघू नका. अन् डिस्चार्ज कार्डावर कोणत्या बाजूची नळी, ठेवली का काढली, हे लिहून घ्या, ऊसतोडीला जाताना ते कार्ड पेटीत टाका.