परग्रहांवरच्या वाळूच्या टेकड्या: फोटो पाहताना या चुका टाळा

मंगळावरच्या किंवा शनीच्या टायटन या चंद्रावरच्या टेकड्यांचे फोटो आता कुणालाही घरबसल्या पाहता येतात. पाहताना डोक्यात मात्र पृथ्वीचंच वाळवंट असतं आणि गफलत तिथेच होते.

नुसता वाऱ्याचा वेग पाहणं

मंगळावर हवेची घनता पृथ्वीच्या जेमतेम साठाव्या हिश्श्याएवढी आहे. त्यामुळे तिथला ताशी 100 किमीचा वारा ढकलतो तो इथल्या ताशी 13 किमीच्या झुळकेइतकाच. शुक्राचं नेमकं उलटं आहे. जमिनीलगत वारा सेकंदाला 1 मीटरच्या आसपास, पण हवा पृथ्वीच्या पन्नासपटीहून दाट, त्यामुळे तेवढ्यानेही कण सरकू शकतात. वेगाचा आकडा दिसला की आधी घनता विचारा.

विरळ हवेत वाळू हलणारच नाही असं धरून चालणं

मंगळावरच्या टेकड्या म्हणजे जुन्या काळचे थिजलेले अवशेष, असं बरेच दिवस मानलं जात होतं. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे नासाचं यान 2006 साली मंगळाभोवती पोचलं. त्याच्या हायराइज कॅमेऱ्याने त्याच त्या जागांचे पुन्हा पुन्हा फोटो घेतले, तेव्हा निली पटेरासारख्या ठिकाणी टेकड्या चक्क सरकताना दिसल्या.

हे कसं जमतं? पहिला कण उचलायला जोराचा वारा लागतो, यात शंका नाही. पण गुरुत्व कमी आणि हवेचा अडथळा नगण्य असल्याने एकदा सुटलेला कण लांबलचक उडी मारतो, वेगाने आपटतो आणि शेजारचे कण उडवतो. ते कण पुढचे उडवतात. गणितानुसार ही साखळी चालू ठेवायला सुरुवातीच्या वेगाच्या साधारण एक दशांश वेगाचा वारा पुरतो. काम सुरू करायला एखादा झोत हवा, मग मंद वारा ते रेटत राहतो.

तरी घाई नको. तिथल्या टेकड्या वर्षाला सरासरी अर्धा मीटरच्या आसपास सरकतात. काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन फोटोंत फरक शोधत बसू नका. काही वर्षांचं अंतर असलेले, पण एकाच ऋतूतले फोटो घ्या, म्हणजे सावल्या फसवणार नाहीत.

धूळ आणि वाळू एकच समजणं

मंगळ झाकून टाकणाऱ्या वादळातली धूळ काही मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि आठवडेच्या आठवडे हवेत तरंगते. टेकड्या मात्र त्याहून कितीतरी जाड कणांच्या असतात. आणि बारीक कण उचलायला सोपा, हेही खरं नाही. फार बारीक कण एकमेकांना चिकटून बसतात. सगळ्यात सहज सुटतात ते 100 मायक्रॉनच्या आसपासचे.

डोळ्यांवर विश्वास ठेवणं

टेकडी खड्ड्यासारखी दिसली तर ऊन कुठल्या बाजूने आहे ते तपासा, किंवा फोटो सरळ उलटा फिरवून बघा. निळ्याशार टेकड्या दिसल्या तर रंग मुद्दाम ताणलेले आहेत असं समजा. प्रत्यक्षात ती बेसाल्टची, म्हणजे ज्वालामुखीच्या खडकाची काळपट वाळू असते. बारखाण, म्हणजे चंद्रकोरीच्या आकाराची टेकडी असेल, तर तिची शिंगं (कोरीची टोकं) वारा ज्या दिशेला जातो तिकडे वळलेली असतात. अनेक जण नेमकं हेच उलटं वाचतात.

शनीभोवती फिरलेल्या कॅसिनी यानाच्या रडारने टिपलेल्या टायटनच्या चित्रांत काळे पट्टे दिसतात, त्या सावल्या नव्हेत. त्या टेकड्याच आहेत. त्यांच्या पृष्ठभागावरून रडारचा प्रतिध्वनी क्षीण येतो, म्हणून त्या काळ्या दिसतात. त्यांचे कणही आपल्या वाळूसारखे नाहीत, ते सेंद्रिय पदार्थांचे आहेत.

टेकडी म्हणजे रोजचा वारा असं मानणं

टायटनच्या विषुववृत्तावर वारा बहुतांशी पूर्वेकडून पश्चिमेला वाहत असावा, असं हवामानाची प्रारूपं सांगतात. टेकड्यांवरून मात्र वाळू पूर्वेकडे जाताना दिसते. हा पेच सोडवायला मांडलेला एक पटणारा खुलासा असा: रोजचा वारा कण उचलायला कमीच पडतो, आणि संपातकाळाच्या (सूर्य विषुववृत्तावर येतो त्या काळाच्या) सुमारास येणारे क्वचितचे जोरदार झोत खरं काम करून जातात.

प्रत्येक वेळी उचलणारा वाराच असं गृहीत धरणं

प्लूटोवर हवेचा दाब पृथ्वीच्या एक लाखांशाच्या घरात आहे. तरीही न्यू होरायझन्स यानाच्या 2015 मधल्या फोटोंत स्पुटनिक प्लॅनिशिया या तिथल्या बर्फाच्या मैदानाच्या कडेला टेकड्यांसारख्या रांगा दिसल्या. 2018 मध्ये मांडलेल्या स्पष्टीकरणानुसार उन्हाने नायट्रोजनच्या बर्फाची थेट वाफ होते आणि ती वाफच मिथेन-बर्फाचे कण वर उडवते. वाऱ्याच्या वाट्याला उरतं ते फक्त पुढे नेण्याचं काम.