बोल्ट ॲक्शन रायफलला नवा ट्रिगर निवडताना हलकेपणाचं खूळ आधी बाजूला ठेवा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ज्यांच्याकडे परवान्याची रायफल आहे, त्यांच्यापुढे ट्रिगर बदलायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती हलका होईल?" याच प्रश्नापायी चांगल्या रायफली बिघडलेल्या मी पाहिल्या आहेत. ट्रिगर हलका असण्यापेक्षा तो प्रत्येक वेळी त्याच जागी, तेवढ्याच जोरावर सुटणं महत्त्वाचं. बाकी सगळं त्यानंतर.

आधी कायद्याचं. शस्त्र कायदा १९५९ मध्ये शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच धरले आहेत आणि दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. त्यामुळे परदेशी दुकानातून ट्रिगर कुरिअरने मागवायचा विचार सोडा. परवानाधारक विक्रेत्याकडून घ्या, परवानाधारक बंदूक कारागिराकडून बसवून घ्या. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काहीही घडवून मिळतं आणि तिथल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला आदर आहे. तरीही सिअर, म्हणजे चाप ओढेपर्यंत स्ट्रायकरला (काडतुसावर आदळणाऱ्या सुईला) अडवून धरणारा छोटा तुकडा, घासायला तिथे नेऊ नका. सिअरचा वरचा थर तेवढा कडक केलेला असतो. तो घासला गेला की आतलं मऊ लोखंड उघडं पडतं, थोडे दिवस ट्रिगर गुळगुळीत चालतो आणि मग धार झिजून कधी सुटेल याचा भरवसा राहत नाही.

आता रायफल ओळखा. रेमिंग्टन ७०० च्या मापाचे ट्रिगर सगळ्यात जास्त मिळतात, कारण इतर अनेक कंपन्यांनी आपल्या ॲक्शन (हाताने मागेपुढे करायचा बोल्ट ज्यात चालतो तो लोखंडी भाग) त्याच मापाच्या केल्या आहेत. टिमनी, ट्रिगरटेक, ज्युवेल ही ट्रिगर बनवणाऱ्या कंपन्यांची नावं तुम्ही ऐकली असतीलच. माउझर ९८ ची मूळ सेफ्टी (रायफल सुटू न देणारा खटका) बोल्टच्या मागच्या टोकाला असते, म्हणून तिथे बिनसेफ्टीचा ट्रिगरही चालतो. रेमिंग्टनमध्ये सेफ्टी ट्रिगरच्या डबीतच, म्हणजे ट्रिगरचे सगळे भाग ज्यात बसतात त्या खोक्यातच असते. तिथे बिनसेफ्टीचा घेतला तर रायफलला सेफ्टीच उरत नाही. शेतात किंवा जीपमधून फिरणाऱ्या रायफलसाठी असा ट्रिगर घेऊच नका, विक्रेता काहीही सांगो.

घरात ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५ रायफल असेल तर जरा थांबा. ती ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्या घडणीची आहे. त्या घडणीत चाप (ट्रिगरचा बोटाने ओढायचा भाग) ॲक्शनला न अडकवता खालच्या ट्रिगर गार्डला अडकवलेला असतो. गार्ड लाकडात बसतो. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात लाकूड फुगलं की गार्ड आणि ॲक्शनमधलं अंतर बदलतं आणि चापाची ओढही बदलते. मार्च महिन्यात गुळगुळीत वाटणारा चाप ऑगस्टमध्ये अडखळतो तो यामुळे. अशा रायफलला नव्या डबीची गरज नसते. लाकडाची बैठक आधी नीट करून घ्या, तक्रार बहुतेक वेळा तिथेच मिटते.

सिंगल स्टेज की टू स्टेज? ज्याची सवय आहे तो घ्या. सिंगल स्टेज एकाच ओढीत सुटतो. टू स्टेजमध्ये आधी सैल ओढ आणि मग भिंतीला बोट टेकावं तसा एक थांबा लागतो. निशाणेबाजीला मला तोच आवडतो.

आता खरा अवघड टप्पा, वजन आणि सिअरची पकड. मला हाच सगळ्यात उशिरा उमगला, म्हणून सविस्तर सांगतो. बऱ्याच ट्रिगरना तीन स्क्रू असतात. एक ओढीचं वजन ठरवतो, दुसरा सिअर किती खोल अडकेल ते, तिसरा सुटल्यानंतर चाप किती मागे जाईल ते. वजनाच्या स्क्रूला हात लावायला हरकत नाही, पण पत्रकात दिलेल्या मर्यादेतच. सिअरच्या पकडीचा स्क्रू मात्र कारागिरासाठी सोडा. चाप सुटण्याआधी बोटाला जी घसरण जाणवते, ती घालवायला लोक हाच स्क्रू फिरवतात. घसरण जाते खरी, पण पकड केसाएवढी उरते. मग बोल्ट जोरात बंद केला किंवा दस्ता जमिनीवर आपटला की रायफल आपोआप सुटू शकते. चांगला ट्रिगर घसरण कमी करतो ती पुरेशी पकड ठेवून. ट्रिगरटेकमध्ये त्यासाठी चाप आणि सिअर यांच्यामध्ये छोटा रोलर असतो. पैसे मोजायचे ते अशा घडणीसाठी. जाहिरातीतल्या आकड्यासाठी मोजू नका.

वजन मोजताना ट्रिगर गेज घ्या, नाहीतर कमाल आकडा धरून ठेवणारा डिजिटल काटा चालेल. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासा. काट्याचा हूक बोट जिथे टेकतं तिथेच लावा. चापाच्या टोकाकडे सरकवलात तर तरफ लांब होते आणि आकडा फसवा कमी येतो. सरळ मागे, सावकाश ओढा. १० वेळा मोजा आणि सरासरीपेक्षा सगळ्यात जास्त व सगळ्यात कमी आकड्यांतला फरक बघा. सरासरी दीड किलो आणि फरक ५० ग्रॅम असेल, तर तो ट्रिगर ८०० ग्रॅमला सुटणाऱ्या पण २०० ग्रॅम इकडेतिकडे करणाऱ्या ट्रिगरपेक्षा कितीतरी चांगला. पॅकिंगवर वजन पौंडात असतं. १ पौंड म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम.

माझं मत पक्कं आहे. रेंजबाहेर जाणाऱ्या रायफलला सव्वा किलोच्या खाली जाऊ नका. आंतरराष्ट्रीय नियमांत ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला किमान १,५०० ग्रॅम लागतात आणि तेवढ्या वजनावर माणसं पदकं जिंकतात. रेंजवरच्या .२२ ला, पुठ्ठ्यासमोर आडवं पडून मारताना, त्याहून बराच हलका ट्रिगर चालतो. मात्र तोच रोजच्या रायफलला नको.

बसवून आणल्यावर रिकाम्या रायफलवर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, तीन चाचण्या स्वतः करा. बोल्ट पूर्ण जोरात अनेकदा बंद करा. स्ट्रायकर अडकवलेल्या स्थितीत दस्ता रबरी चटईवर आपटा. मग सेफ्टी लावून चाप जोरात ओढा, बोट काढा आणि सेफ्टी उघडा. यातल्या कशानेही स्ट्रायकर सुटला तर रायफल तशीच कारागिराकडे परत न्या. तिसरी चाचणी कुणीही टाळू नये. रेमिंग्टनने २०१४ मध्ये आपले एक्स-मार्क प्रो ट्रिगर परत मागवले, कारण जुळणीच्या वेळी जास्त लागलेल्या सीलंटमुळे रायफल आपोआप सुटण्याचा धोका होता. कारखान्यातला ट्रिगरसुद्धा तपासल्याशिवाय मानायचा नाही तो यासाठी.

ट्रिगरच्या डबीत तेल ओतू नका, ते धूळ धरून घट्ट होतं.

निवडणुकीच्या काळात रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागली तर परत आल्यावर आणि दर पावसाळ्यानंतर याच तीन चाचण्या पुन्हा करा, वजनही पुन्हा मोजा. आधीच्या आकड्यापेक्षा फरक वाढलेला दिसला तर काडतूस भरण्याआधी डबी कारागिराकडून साफ करून घ्या.